डबी बघतात, डबीतलं तेल नाही

पत्र

ताई, नमस्कार.

मी साताऱ्याची, वय ५६. यंदाची दिवाळी लेकीकडे करायची आहे, अमेरिकेत मिनियापोलिसला. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून शिकागो आणि शिकागोहून आणखी एक विमान. सोबत हे आहेत. मागे सिंगापूरच्या सहलीला जाताना तपासणीत माझी खोबरेल तेलाची बाटली आणि चेहऱ्याचं क्रीम काढून घेतलं. बाटली २०० मिलीची होती हे खरं, पण तेल तळाशी चार बोटंच होतं. मी तसं सांगितलंही, कुणी ऐकून घेतलं नाही. क्रीम तर नुकतंच घेतलेलं, महागाचं. आणि परत येताना मोठ्या बॅगेत शाम्पू सांडून दोन साड्यांचं वाटोळं झालं ते वेगळंच.

या वेळी सगळं जवळच्या बॅगेतच ठेवायचं असं मनात आहे. कारण नणंदेची मोठी बॅग एकदा तीन दिवस उशिरा आली होती आणि त्या बिचारीला विहिणीचा शाम्पू मागायची वेळ आली. माझं सामान असं: तेल, शाम्पू, फेसवॉश, दोन क्रीमं, सनस्क्रीन, टूथपेस्ट, डिओ, अत्तराच्या दोन कुप्या, केसांचा रंग, नेलपॉलिश आणि रिमूव्हर, काजळ, लिपस्टिक. ह्यांचं दाढीचं सामान. शिवाय लेकीनं मागवलेलं अर्धा किलो उटणं आणि अभ्यंगाचं तेल. ह्यांचं म्हणणं, ‘काही नेऊ नकोस, तिकडे सगळं मिळतं.’ तुम्हीच सांगा काय करू.

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, यजमानांना सांगा की तिकडे सगळं मिळतं हे अगदी खरं आहे, पण रात्री अडीच वाजता इराण की तुर्कस्तानावर कुठेतरी विमान असताना ओठ फुटायला लागतात तेव्हा ‘तिकडे’ फार लांब असतं. तेव्हा काही तरी न्यायलाच हवं. पण तुमची ‘सगळं जवळच्या बॅगेत’ ही कल्पनाही मला पटत नाही. का, ते सांगते. आधी तुमच्या त्या तेलाच्या बाटलीचा हिशेब मिटवू.

आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतल्या प्रत्येक द्रवाची बाटली जास्तीत जास्त १०० मिलीची चालते. इथे बघतात ती बाटली. तिच्यावर छापलेला आकडा २०० असला की आत तेल चार बोटं आहे की चार थेंब, याच्याशी तपासणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. त्याच्यामागे रांग लागलेली असते, तो प्रत्येकाच्या डबीतला माल मोजत बसला तर विमानं उडायची नाहीत. म्हणून छापील आकडा हाच निवाडा. तुमचं क्रीमही त्याच कारणानं गेलं असणार, किंवा डबीवर आकडाच नसणार. घरच्या डबीत काढून घेतलेल्या क्रीमचं हे नेहमी होतं: डबी दिसायला मोठी, वर काही लिहिलेलं नाही, मग वाद घालायला जागाच उरत नाही.

हे १०० मिलीचं प्रकरण कुठून आलं ते माहीत असलं की राग जरा कमी येतो. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयाच्या बाटल्यांमधून द्रवरूप स्फोटकं नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमानं हवेत उडवायची, असा तो बेत होता. त्यानंतर काही दिवस तर ब्रिटनमध्ये केबिनमध्ये जवळजवळ काहीच नेऊ देत नव्हते, आयांना बाळाचं दूध तपासणाऱ्यांसमोर चाखून दाखवावं लागत होतं. मग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात युरोपात हा १०० मिलीचा तोडगा निघाला आणि बघता बघता तो जगभर गेला. आता काही ठिकाणी नवी स्कॅनर यंत्रं आली आहेत. ब्रिटनमधल्या काही विमानतळांनी २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या नेऊ द्यायला सुरुवात केली. पण तुमच्या वाटेवर तीन विमानतळ आहेत आणि तिन्हींचं एकमत होईल यावर मी तरी पैज लावणार नाही. सर्वांत कडक नियम धरून चला.

द्रव म्हणजे काय, यात आपली फसगत होते. पाणी, तेल, शाम्पू हे तर झालंच. पण क्रीम, जेल, टूथपेस्ट, लोशन, मस्कारा, लिपग्लॉस, व्हॅसलीन, फवारे, हे सगळं त्याच खात्यात जातं. जे ओतता येतं, चोपडता येतं, पिळता येतं किंवा फवारता येतं ते द्रव, असं धरा. थिजलेलं खोबरेल तेलही द्रवच. थंडीत बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही म्हणून ते घट्ट समजायचं, हा युक्तिवाद करून बघणारे असतात. त्यांचं तेलही जातं. साधारण चोवीस अंशांच्या वर ते वितळतं हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक असतं. साजूक तूप, लोणचं, ओली चटणी यांचीही हीच गत, तेव्हा फराळाबरोबर लोणच्याची बरणी जवळच्या बॅगेत कोंबू नका.

या सगळ्या लहान बाटल्या एका पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायच्या. पिशवी एक लिटरची, साधारण २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटर, आणि माणशी एकच. स्वयंपाकघरात मटार फ्रीजरला ठेवायला आपण झिपवाली पिशवी वापरतो, तीच. मॉलमध्ये मिळणारे गुलाबी काठाचे, फुलाफुलांचे ‘पारदर्शक’ पाऊच दिसायला छान असतात, पण त्यांत काय आहे ते धड दिसत नाही. आणि माणशी एक, हे लक्षात ठेवा, कारण यजमानांच्या नावानंही एक पिशवी आहे. त्यांचा टूथपेस्ट आणि डोळ्यांत घालायचं औषध सोडलं तर ती रिकामीच जाणार. ‘काही नेऊ नकोस’ म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीत आपलं सनस्क्रीन ठेवायला काही हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. जवळची बॅग कशासाठी असते? साताऱ्याहून गाडीनं मुंबई, विमानतळावरचे तीन-चार तास, दोन लांबची विमानं, मधले थांबे आणि शेवटचं छोटं विमान, असा एक दिवस आणि वर काही तास तुम्ही रस्त्यात असणार. त्यात मोठी बॅग मागे राहिलीच तर आणखी एक-दोन दिवस. एवढ्या वेळात अंगाला आणि चेहऱ्याला काय लागतं, तेवढंच जवळ. तुम्ही जी यादी पाठवली आहे ती महिन्याभराच्या मुक्कामाची आहे, प्रवासाची नाही. तिची छोटी आवृत्ती करून पिशवीत भरायला गेलात तर दहा बाटल्यांची गर्दी होईल आणि पिशवीचं तोंड लागणार नाही. ज्या पिशवीचं तोंड लागत नाही ती पिशवी बाजूला काढून ठेवतात.

शाम्पूला विमानात काही काम नाही. तो पुडीतून न्या. आपल्या किराणा दुकानात दाराशी पुड्यांची माळ लटकलेली असते ना, त्यातल्या चार तोडून घ्या. पुडी कारखान्यातून सीलबंद आलेली असते, आत हवा नगण्य, सांडायची भीती जवळजवळ नाही, आणि बॅग उशिरा आली तरी दोन वेळा न्हाण्याची सोय होते. परदेशात राहणाऱ्या मंडळींना या पुड्यांचं फार अप्रूप असतं, तिथल्या दुकानांत त्या सहसा दिसत नाहीत. फेसवॉशलाही मी फाटा देईन. एक साबणाची वडी कापून अर्धी घ्या, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. साबण घट्ट पदार्थ आहे, तो त्या पिशवीत मोजलाच जात नाही. तसंच लिपस्टिक, काजळाची कांडी, दाबलेली पावडर, टिकल्यांची पाकिटं, ओले टिश्यू. ही सगळी पर्समध्ये राहू द्या. डबीतलं मऊ काजळ मात्र पिशवीत टाका, उगाच चर्चा नको.

क्रीमं दोन न्यायची असतील तर डोळ्यांची लेन्स ठेवायच्या डब्या मिळतात, दोन खणांच्या, फिरकीच्या झाकणाच्या. चष्म्याच्या दुकानात त्या स्वस्तात मिळतात. एका खणात रात्रीचं क्रीम, दुसऱ्यात दिवसाचं. चेहऱ्याला एका वेळी वाटाण्याएवढं क्रीम लागतं, दोन-तीन दिवसांना तेवढा खण पुरतो. वर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं नाव लिहा, नाहीतर शिकागोच्या स्वच्छतागृहात चेहऱ्याला टाचांचं मलम लागेल. तेलासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची बाटली पुरे. टूथपेस्टची लहानात लहान ट्यूब घ्या. ट्यूबवर ग्रॅम छापलेले असतात, मिली नाही, आणि पेस्ट पाण्यापेक्षा जड असल्यामुळे १०० ग्रॅमची ट्यूब १०० मिलीहून बरीच कमी भरते. तरी दीडशे-दोनशे ग्रॅमची, निम्मी पिळलेली, गुंडाळलेली ट्यूब नेऊ नका. तुमच्या तेलाच्या बाटलीची कथा तिथे पुन्हा घडेल.

अत्तराच्या कुप्या खुशाल न्या. पाच-दहा मिलीच्या असतात, पिशवीच्या कोपऱ्यात मावतात. फक्त विमानात बसल्यावर लावू नका. तीनशे माणसं एकाच बंद जागेत आठ-नऊ तास बसलेली असतात, आणि आपला मोगरा शेजारच्याच्या डोक्यात कळ आणू शकतो. नेलपॉलिशचंही तसंच. पॉलिश निघायच्या आदल्या दिवशी घरी लावा आणि बाटली इथेच ठेवा. रिमूव्हर तर अजिबात नको. त्यात ॲसिटोन असतं, ते भसकन पेटतं, आणि मिनियापोलिसच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळतं. केसांच्या रंगाबद्दलही माझं हेच मत. निघायच्या चार दिवस आधी रंगवून टाका. महिना-दीड महिना राहणार असाल तर लेकीला तिकडून एक डबा आणून ठेवायला सांगा. रंगाच्या डब्यातल्या दुसऱ्या बाटलीत पेरॉक्साइड असतं, आणि ते सांडलं तर साड्यांचा रंग उडतो, जो शाम्पूनं तरी उडत नाही.

विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून ओठांचं मलम कांडीच्या रूपातलं घ्या आणि ते पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, वरच्या खणातल्या बॅगेत नाही. झोपायच्या आधी तेलाचे दोन थेंब नाकपुड्यांना आणि नखांच्या कडांना. एक रिकामी पाण्याची बाटली जवळ असू द्या. रिकामी बाटली तपासणीतून जाते, पलीकडे गेल्यावर नळावर भरता येते. मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला जाताना भरलेली बाटली घेऊन गेल्याचं तुमच्या लक्षात असेल. देशातल्या देशात ते चालवून घेतात. बाहेरच्या देशाच्या विमानाला नाही.

शाम्पू सांडला त्याचं कारण सांगते, म्हणजे या वेळी साड्या वाचतील. महाबळेश्वरला वर गेल्यावर वेफर्सचं पाकीट फुगून टम्म होतं, ते बघितलंच असेल तुम्ही. वरची हवा विरळ झाली की पाकिटातली हवा पसरते. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडतं, पण आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणजे समुद्रसपाटीच्या मानानं पाऊण. बाटलीत अडकलेली हवा त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांशानं वाढते आणि बाहेर पडायला वाट शोधते. बाटली उभी असली तर हवा निघून जाते, आडवी असली तर हवेच्या आधी शाम्पू निघतो. मोठ्या बॅगा ठेवायच्या पोटमाळ्यातही दाब तेवढाच असतो, तिथे दाबच नसतो ही समजूत चुकीची आहे. आता तुमचंच बघा: जाताना बाटली भरलेली होती, आत हवा कमी, काही झालं नाही. येताना ती निम्मी होती, म्हणजे निम्मी हवा. तिनं शाम्पू ढकलला.

यावर उपाय सोपा आहे. मऊ बाटली असेल तर झाकण लावण्याआधी ती दाबून, आतली हवा काढून, मग झाकण घट्ट करा. बाटली जरा चपटी दिसेल, दिसू दे. कडक बाटली असेल तर तोंडावर पोळ्या गुंडाळायच्या पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण फिरवा. पंपाची बाटली शक्यतो नेऊच नका, पंपाच्या नळीतून हमखास गळती होते, आणि फाउंडेशन गळलं की ते पर्सच्या अस्तरातून कधीच निघत नाही. दाबलेल्या पावडरच्या डबीत पावडर आणि आरसा यांच्यामध्ये कापसाची चकती ठेवली की वडी फुटत नाही. आणि परतीला निम्म्या उरलेल्या बाटल्या आणूच नका. लेकीकडे ठेवून या, पुढच्या खेपेला उपयोगी पडतील.

मोठ्या बॅगेकडे येऊ. डिओचा फवारा तिथेच जाईल. आपल्याकडचे डबे बहुतेक दीडशे मिलीच्या आसपासचे असतात, ते केबिनच्या नियमात बसत नाहीत. मोठ्या बॅगेत प्रसाधनाचा एकेक डबा अर्ध्या लिटरपर्यंत आणि माणशी सगळे मिळून दोन लिटर किंवा दोन किलोपर्यंत चालतात. फवाऱ्याचं टोपण घट्ट बसलेलं हवं, खटका आपोआप दाबला जाता कामा नये. हे फक्त अंगाला-केसांना लावायच्या फवाऱ्यांबद्दल. डास-झुरळं मारायचा फवारा कुठल्याच बॅगेत नको.

यजमानांची दाढी. सुटी पाती केबिनमध्ये नेता येत नाहीत. ते जुन्या पद्धतीचं फिरकीचं यंत्र वापरत असतील तर यंत्र, पाती, कात्री, नेलकटर हे सगळं एका पाकिटात घालून मोठ्या बॅगेत टाका. एक दिवस दाढी केली नाही तर लेक आणि जावई ओळखतील त्यांना. सेलवर चालणारं ट्रिमर असेल तर ते जवळ ठेवा, चालू होणार नाही असं. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक तर जवळच हवी, मोठ्या बॅगेत ती ठेवायला मनाईच आहे. आणि दाढीनंतर लावायला लोशनच्या बाटलीऐवजी तुरटीचा खडा द्या. गळत नाही, फुटत नाही, आणि त्यांच्या वडिलांनी तेच वापरलं असेल.

उटण्याबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. उटणं कोरडं आहे, म्हणजे द्रवाचा नियम त्याला लागत नाही, म्हणून लोक ते खुशाल जवळच्या बॅगेत ठेवतात. पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी २०१८ पासून पावडरींचा वेगळा नियम आहे: ३५० मिलीहून जास्त पावडर केबिन बॅगेत असेल तर ती उघडून वेगळी तपासतात, आणि ती काय आहे याची खात्री पटली नाही तर नेऊ देत नाहीत. तुमचं अर्धा किलो उटणं त्या मापाच्या कितीतरी वर जातं. फ्रँकफर्टच्या जर्मन तपासनिसाला आंबेहळद, कचोरा आणि नागरमोथा इंग्रजीत समजावून सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. शिकेकाई, मेंदी, मुलतानी माती यांचंही तेच. हे सगळं मोठ्या बॅगेत, दुकानाच्या मूळ पाकिटात, नाव छापलेलं. सुट्ट्या पिशवीत भरून रबर लावलेली पिवळी पूड कुणालाही संशयास्पद वाटेल. घरी केलेलं उटणं असेल तर निदान डब्यावर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा.

अभ्यंगाचं तेलही मोठ्या बॅगेत, कारखान्याच्या सीलबंद बाटलीत. सील तोडून ‘जरा वास बघते’ म्हणू नका. खोबरेल असेल तर ते मिनियापोलिसच्या थंडीत दगड होऊन बसेल, बाटली कोमट पाण्यात ठेवायला लेकीला सांगा. सांडायचा धोका आहे तो साताऱ्यापासून मुंबईपर्यंत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, गाडीच्या डिकीत. तेव्हा बाटलीला दोन झिपच्या पिशव्या, भोवती जुना टॉवेल, आणि साड्या बॅगेच्या दुसऱ्या अंगाला. जाता जाता एक: लेकीनं चिवड्याला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मागवल्या असतील तर त्या नेऊ नका. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. तेल चालतं आणि ज्यातून तेल निघतं ते चालत नाही, हे विचित्र वाटतं खरं, पण नियम तोच आहे.

वाटेतल्या तपासण्या. भारतातून आलेल्या प्रवाशांची फ्रँकफर्टला पुढच्या विमानाआधी पुन्हा तपासणी होते. त्यामुळे मुंबईच्या तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागते, आणि कर नसलेल्या दुकानातून घेतलेलं परफ्यूम असेल तर ते दुकानदारानं दिलेल्या सीलबंद पिशवीतच हवं, आत पावती दिसेल असं. ती पिशवी हौसेनं विमानात उघडू नका. खरी मेख शिकागोला आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशननंतर मोठ्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्याव्या लागतात, पुढच्या विमानाचं तिकीट असलं तरी, आणि कस्टममधून बाहेर पडल्यावर त्या पुन्हा सोपवायच्या असतात. हीच ती वेळ. १०० मिलीच्या वरचं जे काही हातात असेल ते तिथे मोठ्या बॅगेत टाकून मोकळ्या व्हा, कारण यानंतर मिनियापोलिसच्या विमानासाठी तिसरी तपासणी आहे. तिथे दमलेले प्रवासी फार परफ्यूमं गमावतात.

औषधं ही वेगळी गोष्ट. रोजच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, इन्शुलिन असेल तर तेही, सगळं जवळ, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. गरजेच्या द्रव औषधांना १०० मिलीची मर्यादा आड येत नाही, पण ती आधीच बाहेर काढून दाखवायची, विचारल्यावर नाही.

आता नणंदेच्या बॅगेची भीती. बॅगा उशिरा येतात, हे खरं आहे. पण त्यावर उपाय सगळं डोक्यावर घेऊन फिरणं हा नाही. केबिन बॅगेला वजनाचीही मर्यादा आहे, विमान कंपनीप्रमाणे सात-आठ किलो. त्यात एक कपड्यांचा जोड, आतले कपडे आणि वर सांगितलेली पिशवी एवढं असलं की दोन दिवस निभावतात. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. घरी जाऊन फोन करू म्हणू नका. मॉन्ट्रियल करारानुसार बॅग उशिरा आल्यामुळे करावा लागलेला वाजवी खर्च विमान कंपनीनं द्यायचा असतो, भारत आणि अमेरिका दोघेही त्या करारात आहेत. शाम्पू, टूथब्रश, एखादा गाऊन, जे घ्याल त्याच्या पावत्या ठेवा आणि बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी मागणी करा. नणंदबाईंना हे कुणी सांगितलं असतं तर विहिणीपुढे हात पसरावा लागला नसता.

शेवटी तपासणीच्या रांगेबद्दल. ती पारदर्शक पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा, फराळाच्या डब्यांखाली नाही. काही ठिकाणी ती वेगळी ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, काही ठिकाणी बॅगेतच राहू देतात. जे सांगतील ते करायचं. जवान काही काढून ठेवायला म्हणाला तर ‘अहो, थोडंच आहे’ यानं काम होत नाही हे तुम्ही अनुभवलंच आहे. त्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा: परत काउंटरला जाऊन मोठ्या बॅगेत टाकता येईल का? वेळ असेल तर कधी कधी जमतं, पण बॅग एकदा पट्ट्यावरून आत गेली की बहुतेक वेळा जमत नाही. पोहोचवायला आलेल्या भाच्याच्या हाती द्यावं म्हटलं तर तो दाराबाहेरच असतो. म्हणून काउंटरच्या रांगेत उभं राहण्याआधी, मोठ्या बॅगेला कुलूप लावण्याआधी, बाजूच्या बाकड्यावर बसून दोघांच्याही पर्स, खिसे आणि खांद्यावरच्या पिशव्या एकदा रिकाम्या करून बघा. यजमानांच्या शर्टाच्या खिशात लायटर असेल तर तोही तिथेच सापडेल, आणि तो आपल्या विमानतळावर कुठल्याच बॅगेत चालत नाही.